नाशिकचे वाडे, शेतशिवार आणि वाळवी : एक ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना :

नाशिकच्या इतिहासाचे लेखन प्रामुख्याने तीर्थक्षेत्र, मंदिरस्थापत्य, पेशवेकालीन राजकारण आणि स्वातंत्र्यचळवळ या विषयांभोवती झालेले आहे. ज्या घरांत हा इतिहास घडला ती घरे कशावर उभी राहिली आणि कशामुळे पडली, या प्रश्नाकडे अभ्यासकांचे फारसे लक्ष गेलेले नाही. जुन्या नाशकात पावसाळ्यात एखादा वाडा कोसळला की 'वाळवीने पोखरला होता' एवढे एकच कारण सांगितले जाते व तेथे चर्चा थांबते. हे कारण खोटे नाही, पण अपुरे आहे. वाळवी वाड्यानंतर आलेली नाही. वाड्याचा पाया खणला गेला त्याआधी हजारो वर्षे ती त्या जमिनीत होती, आणि वाडा बांधणाऱ्या गवंड्या-सुतारांना ती चांगली ठाऊक होती. मग सव्वाशे-दीडशे वर्षे ज्या लाकडाला तिने स्पर्श केला नाही, ते लाकूड विसाव्या शतकात तिच्या तोंडी कसे पडले? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार जमीन, पाणी, लाकूड व मालकी यांच्या बदलत्या संबंधांतून केला आहे. नाशिकच्या शेतशिवारातही हाच प्रश्न वेगळ्या रूपाने दिसतो, म्हणून त्याचाही मागोवा घेतला आहे.

वाळवी आणि ओलावा :

इंग्रजी अमदानीत 'पांढरी मुंगी' हे नाव रूढ झाले असले तरी वाळवी ही मुंगी नव्हे. मुंगी ही उलट तिची शत्रू आहे. शास्त्रज्ञ आता वाळवीला झुरळांच्या कुळात बसवतात. मराठीच्या काही बोलींत तिला 'उधई' म्हणतात. जमिनीखाली राहणाऱ्या जातींपैकी ओडोंटोटर्मिस ओबेसस व मायक्रोटर्मिस ओबेसी या शेतीला, तर हेटेरोटर्मिस इंडिकोला व कॉप्टोटर्मिस हाइमी या इमारती लाकडाला विशेष उपद्रवी मानल्या जातात. ओडोंटोटर्मिस जातीची वाळवी लाकूड, पाला, काड्या वारुळात नेते आणि त्यांवर बुरशीची जणू बाग फुलवते. पावसाळ्यात वारुळावर उगवणारी अळंबी ही त्याच बुरशीची फळे होत. सह्याद्रीच्या पट्ट्यातील आदिवासी कुटुंबांच्या आहारात या अळंबीला स्थान आहे, हे वाळवीला केवळ शत्रू मानणाऱ्यांनी लक्षात ठेवावे.

इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. कामकरी वाळवीचे अंग मऊ व पातळ कातडीचे असते. कोरड्या हवेत व उजेडात ती फार काळ तग धरत नाही. म्हणून जमिनीतून लाकडापर्यंत पोहोचताना ती मातीचा बंद बोगदा बांधत जाते आणि आपल्याबरोबर ओलावा नेते. जेथे माती, ओलावा आणि लाकूड या तिन्ही गोष्टी एकमेकींना भिडतात तेथे तिचे राज्य असते. या तिन्हींपैकी एक दूर ठेवली की तिचा मार्ग अवघड होतो. वाळवी आणि पाणी यांचे नाते आपल्याकडे फार पूर्वी ओळखले गेले होते. सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या बृहत्संहितेत भूगर्भातील पाणी शोधण्यावर 'दकार्गल' नावाचे प्रकरण आहे, आणि त्यात विशिष्ट झाडाजवळचे वारूळ ही पाण्याची खूण सांगितलेली आहे. नागपंचमीला वारुळाची पूजा करून त्या दिवशी नांगर न धरणारा शेतकरीही वारुळाला जमिनीचा एक जिवंत भाग मानीत आला आहे.

वाड्याची रचना : मातीपासून लाकूड दूर ठेवण्याची विद्या

अठराव्या शतकात पेशव्यांच्या आश्रयाने नाशिकचे रूप पालटले. १७४७ साली नारोशंकराचे मंदिर, १७५६ साली सुंदरनारायणाचे मंदिर आणि शतकाच्या अखेरीस सरदार ओढेकरांनी बांधविलेले काळाराम मंदिर उभे राहिले. गंगापूर येथे गोपिकाबाई आणि आनंदवल्ली येथे राघोबादादा व आनंदीबाई यांचे वास्तव्य झाले. दरबारी मंडळी, सावकार व तीर्थोपाध्ये यांनी गोदावरीच्या दोन्ही काठांवर वाडे बांधले. मंदिरे दगडाची होती, त्यामुळे वाळवीचा प्रश्न तेथे उद्भवला नाही. वाड्यांचा सांगाडा मात्र लाकडाचा होता. गोदाकाठचा सरकारवाडा आणि चांदवडचा होळकरांचा रंगमहाल ही या परंपरेची आज दिसणारी ठळक उदाहरणे होत.

वाड्याची मोजणी खणांत होते, म्हणजे दोन खांबांमधील अंतराने. खांब, त्यावर तुळई, तुळईवर कडीपाट आणि त्यावर मातीची जमीन अशी ही रचना असते. भिंत खाली दगडाची आणि वर विटेची किंवा मातीची असली तरी घराचा मुख्य भार लाकूड पेलते. या रचनेत वाळवीविरुद्धची योजना कोठेही वेगळी सांगितलेली नाही, ती बांधणीतच मिसळलेली आहे. घर उंच दगडी जोत्यावर असते. लाकडी खांब जमिनीत पुरलेला नसून घडीव दगडाच्या तळखड्यावर उभा केलेला असतो. खांबाचा पाय आणि जमीन यांच्यामध्ये वीत-दीड वीत उंचीचा उघडा दगड राहतो. वाळवीला वर चढायचे झाल्यास तिला त्या दगडावरून बोगदा बांधत न्यावा लागतो, आणि रोज सकाळी केर काढणाऱ्या बाईच्या दृष्टीस तो पडल्यावाचून राहत नाही. तळखड्याचा खरा उपयोग येथे आहे. तो वाळवीला अडवीत नाही, तिला उघडे पाडतो.

दुसरी बाब लाकडाच्या निवडीची. सागाच्या गाभ्यात टेक्टोक्विनोनसारखी द्रव्ये असतात आणि ती वाळवीला रुचत नाहीत. वरचे फिकट, पांढरे लाकूड मात्र तिला सहज खाता येते. जुना सुतार ते पांढरे लाकूड तासून टाकीत असे आणि पुरते पक्व झालेले, चांगले वाळलेले खोडच खांबासाठी घेत असे. पेठ-सुरगाण्याकडील जंगले व त्यापलीकडचे डांग यांमुळे असे लाकूड नाशिकला जवळ होते. लाकडाला तेल पाजण्याची रीत होती, बिब्ब्याचे तेलही त्यासाठी वापरले जाई. तिसरी बाब हवेची. मधला चौक केवळ शोभेसाठी नव्हता. ऊन व वारा घराच्या पोटात आणून तो तळमजला कोरडा ठेवीत असे.

या विद्येला एक दुबळी जागा होती, ती म्हणजे तुळईची टोके. तुळईचे टोक भिंतीत शिरते तेथे ते कोणालाच दिसत नाही, भिंत ओली झाली की तेही ओले होते आणि त्याला वारा लागत नाही. जुने नाशिक नऊ टेकड्यांवर वसले असे म्हणतात. जुनी गढी, म्हसरुळ टेक ही नावे आजही प्रचारात आहेत. १९५०-५१ मधील उत्खननाने जुन्या गढीच्या मातीत शेकडो वर्षांच्या वस्तीचे थर असल्याचे दाखविले. अशा उतारावरील घरांच्या मागच्या भिंतीला टेकडीची माती भिडलेली असते, म्हणजे घर पुढून जोत्यावर व मागून जमिनीत असते. नाशिकच्या वाड्यांत वाळवी प्रथम मागच्या खोल्यांत, कोठीघरात व देवघराच्या भिंतीत का आढळते, याचे उत्तर बहुधा या भूरचनेत आहे.

लाकडाइतकाच प्रश्न कागदाचाही होता. नाशिक व त्र्यंबकेश्वर येथील तीर्थोपाध्यायांच्या घरी यजमानांच्या वंशावळींच्या वह्या पिढ्यान्‌पिढ्या जतन केल्या जातात. अनेक कुटुंबांच्या पूर्वजांची नावे, गावे व यात्रेच्या तिथी त्यांत नोंदलेल्या आहेत, आणि महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासाचे ते एक मोठे साधन आहे. या वह्या टिकल्या त्याचे श्रेय कापडी बस्त्यांइतकेच वापराला दिले पाहिजे. यजमान आला की वही उघडली जाई. जी वही वर्षानुवर्षे उघडली गेली नाही ती वाळवीने आधी वाचली, असे म्हणावे लागेल. १८४० साली स्थापन झालेल्या नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयासारख्या जुन्या ग्रंथसंग्रहांनाही हाच नियम लागू होतो.

पश्चिमेची कुडाची घरे :

एकाच जिल्ह्यात याच किडीला दिलेले दुसरे उत्तरही दिसते. इगतपुरीकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. पेठ, सुरगाणा, त्र्यंबक या पट्ट्यातील कोकणा, महादेव कोळी व वारली समाजांची घरे परंपरेने कारवीच्या कुडाची व शेणामातीने सारवलेली असत. त्यांच्या मेढी जमिनीत पुरलेल्या असत. वाड्याच्या दृष्टीने ही रचना वाळवीला आमंत्रणच होय. पण येथे घर शंभर वर्षे टिकावे अशी अपेक्षाच नव्हती. मेढ कुजली किंवा पोखरली की नवी रोवायची, कूड बदलायचा, एवढे जंगल हाताशी होते. शहराने वाळवीला अडविले, डोंगराने तिला तिचा वाटा दिला.

ही दुसरी पद्धत मोडली ती कायद्याने. १८७८ च्या वन कायद्यानंतर राखीव जंगलांची हद्द आखली गेली आणि इमारती लाकडावरील लोकांचा हक्क आक्रसला. मेढ बदलणे ही घरातली साधी बाब न राहता परवानगीची बाब झाली. १८८३ साली प्रसिद्ध झालेल्या नाशिक जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये जंगलांची माहिती विस्ताराने येते, ती मुख्यतः सरकारी उत्पन्नाच्या दृष्टीने. आदिवासी घरांच्या लाकडाचा प्रश्न त्या दृष्टीत बसणारा नव्हता.

त्याच सुमारास सागाला दुसरे मोठे गिऱ्हाईक मिळाले. १८६५ साली थळ घाटाचा लोहमार्ग सुरू झाला. भारतातील रेल्वेने रुळांखालच्या स्लीपरसाठी सागाबरोबर विलायतेहून आणलेले, क्रिओसोट पाजलेले पाइन लाकूडही वापरले. उष्ण हवामान व वाळवी यांपुढे लाकूड अपुरे ठरू लागले तेव्हा लोखंडी स्लीपरांचा वापर वाढला. ज्या साम्राज्याने वाळवीला 'पांढरी मुंगी' म्हटले त्याला तिच्यापुढे लाकूडच सोडून द्यावे लागले, यात थोडी गंमत आहे.

शेतशिवार :

पिकांच्या बाबतीत वाळवीचा उपद्रव हलक्या, मुरमाड, निचऱ्याच्या जमिनीत व अवर्षणाच्या वर्षी अधिक जाणवतो. उसात ती लावणीनंतर बेण्याचे डोळे व टोके खाते, त्यामुळे उगवण विरळ होते. पुढे उभा ऊस आतून पोखरून ती त्यात माती भरते. कोरडवाहू गव्हाची रोपे पिवळी पडून ओंबी भरण्याआधीच वाळतात आणि ओढली असता सहज उपटून येतात. भुईमुगाच्या शेंगेचे टरफल ती खरवडते, आणि त्या जखमेतून अफ्लाटॉक्सिन हे विष निर्माण करणारी बुरशी शिरू शकते. न कुजलेले शेणखत व शेतात राहिलेली धसकटे तिला बोलावून आणतात, हे जुन्या शेतकऱ्यास सांगावे लागत नसे.

विसाव्या शतकाच्या आरंभी दारणा धरण व नांदूर मधमेश्वर येथून निघणारे गोदावरी कालवे झाले. पाटपाण्याखालची जमीन वाढली तसे उसाचे क्षेत्रही वाढले. भरपूर पाणी मिळालेल्या पिकात वाळवीचा उपद्रव कमी होतो, पण लावणीच्या वेळचे कोरडे बेणे ही तिची संधी कायम राहिली. मालेगाव तालुक्यात रावळगावला साखर कारखाना उभा राहिल्यावर बेण्याच्या नुकसानीला रोख पैशाचे मोल आले, आणि पूर्वी सोसली जाणारी तूट आता हिशेबात दिसू लागली. शेतातली वाळवी 'कीड' ठरण्यामागे हा हिशेबही आहे.

नाशिकच्या द्राक्षशेतीतील एक जुनी पद्धत या संदर्भात लक्षणीय आहे. लोखंडी अँगल व तारांचे मांडव येण्यापूर्वी द्राक्षवेलीला आधार म्हणून पांगाऱ्याचे झाड लावीत. त्याची सावली व पाला यांचा उपयोग होताच, पण वाळलेली मेढ वाळवीने दोन-तीन वर्षांत खाल्ली असती, जिवंत पांगारा मात्र ती तसा खात नाही. वाड्याच्या सुताराने दगड मध्ये घातला, बागाइतदाराने लाकूड जिवंत ठेवले.

रसायनांचे युग :

पुसा येथील संस्थेतील इंपीरियल एंटमॉलॉजिस्ट हॅरोल्ड मॅक्सवेल-लेफ्रॉय याचा भारतीय किडींवरील ग्रंथ १९०६ साली प्रसिद्ध झाला. त्या काळात उपाय म्हणजे निंबोळी व एरंडीची पेंड, पाटाच्या पाण्यात सोडलेले खनिज तेलाचे मिश्रण, आणि वारूळ खणून राणी मारणे. लेफ्रॉय पुढे इंग्लंडला परतला. लंडनच्या वेस्टमिन्स्टर हॉलच्या मध्ययुगीन छताला लागलेल्या लाकूडकिड्याचा बंदोबस्त त्याच्याकडे सोपविला गेला, आणि १९२५ साली प्रयोगशाळेतील विषारी वायूनेच त्याचा अंत झाला. शेत आणि इमारत या दोन्हींतील कीड एकाच माणसाने हाताळल्याचे हे उदाहरण पुढील काळाची सूचना देणारे होते.

दुसऱ्या महायुद्धानंतर बीएचसी, अल्ड्रिन, डायल्ड्रिन, हेप्टाक्लोर व क्लोरडेन ही औषधे आली. उसाच्या सरीत व गव्हाच्या पेरणीत भुकटी धुरळली जाऊ लागली. इमारतींसाठी वाळवी-प्रतिबंधाची भारतीय मानक संहिता १९७१ साली निघाली, आणि पाया भरण्यापूर्वी जमिनीत औषध मुरविणे हा बांधकामाचा नेहमीचा भाग झाला. या औषधांची कीर्ती त्यांच्या टिकाऊपणात होती. एकदा मुरविले की ते वर्षानुवर्षे जमिनीत राहत. त्यांच्यावर बंदी आली तीही याच कारणाने. भारतात अल्ड्रिन, क्लोरडेन व हेप्टाक्लोर यांवर १९९६ साली, बीएचसीवर १९९७ साली आणि डायल्ड्रिनवर २००३ पासून बंदी आली. भारताने स्टॉकहोम करारास २००६ साली मान्यता दिली. त्यांची जागा क्लोरपायरिफॉसने घेतली. युरोपीय संघाने २०२० साली त्याला नकार दिला आणि युरोपला द्राक्षे पाठविणाऱ्या नाशिकच्या बागाइतदाराला त्याच्या अंशाची चिंता करावी लागली. २०२५ साली तेही, काही सवलती ठेवून, स्टॉकहोम कराराच्या निर्मूलनसूचीत गेले.

या अर्धशतकात औषधाने वाळवीइतकेच ज्ञानही मारले. जमिनीत औषध आहे म्हटल्यावर तळखडा, जोते, हवा आणि रोजची पाहणी यांची गरज कोणाला वाटेनाशी झाली. नव्या घरात दाराची चौकट थेट फरशीत बसू लागली.

भाडे, नळ आणि रस्ता :

जुन्या वाड्यांना मात्र औषधही मिळाले नाही. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने प्रमाणभूत भाडे ठरविताना १ सप्टेंबर १९४० ही तारीख आधार मानली. भाडेकरूंच्या दृष्टीने तो कायदा न्याय्य व आवश्यक होता, हे नाकारता येणार नाही. पण काही रुपयांच्या भाड्यात वाड्याची दुरुस्ती होणे शक्य नव्हते. मालक दुरुस्ती करीना, भाडेकरू दुसऱ्याच्या घरावर खर्च करीना. वारसांची संख्या वाढली तसा एकेका वाड्याचा उतारा नात्यांनी भरला आणि छत गळते कोणाच्या हिश्शात, हा वाद न्यायालयात गेला. १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा येईपर्यंत दोन पिढ्या उलटल्या होत्या.

याच काळात वाड्यात नळ आला. एका कुटुंबाच्या घरात पाच-सहा बिऱ्हाडे झाली आणि प्रत्येकाची मोरी भिंतीला लागून निघाली. चौकावर पत्रे पडले व ऊन थांबले. चुन्याच्या व मातीच्या भिंतींवर सिमेंटचा गिलावा झाला. तो वरून घट्ट दिसतो, पण आतला ओलावा बाहेर पडू देत नाही. बाहेरचा रस्ता प्रत्येक डांबरीकरणात उंच होत गेला आणि जोत्याच्या पायऱ्या एकेक करून जमिनीत गेल्या. फरशीची उंची वाढविताना तळखडेही बुजले. वाळवीला शंभर वर्षे उघड्यावर आणणारा तो वीतभर दगड नाहीसा झाला. गोदाकाठी १९६९, २००८, २०१६ व २०१९ च्या पुरांनी भिंती पुन्हा पुन्हा भिजविल्या. पूर ओसरल्यावर गाळ काढला जातो, पण भिंतीच्या पोटातले पाणी काढण्याची सोय कोणाकडे नसते. 'वाळवीने वाडा पाडला' हे विधान या सर्व नोंदींच्या शेवटी येणारे आहे, आरंभी येणारे नव्हे.

नाशिक महानगरपालिका पावसाळ्यापूर्वी धोकादायक वाड्यांना नोटिसा देते. नोटिशीत इमारत मोडकळीस आल्याचे लिहिलेले असते, भाडेकरूला ती रिकामी करावयाची असते, आणि पुष्कळदा दोघांचेही भांडण न मिटताच पाऊस सुरू होतो. माणसे दगावतात ती अशा वेळी. संरक्षित स्मारक असलेल्या सरकारवाड्यासारख्या वास्तूला शासनाचा आधार असतो. गल्लीतल्या खाजगी वाड्याला तो नसतो.

वाडा उतरविला जातो तेव्हा जुन्या सागवानाचा व्यापारी येतो. तो तुळई ठोकून पाहतो, दोन्ही टोके तपासतो. भिंतीत शिरलेला हात-दीड हात भाग भुगा झालेला असतो, तो करवतीने कापून टाकतात. उरलेली तुळई आतून लालसर-तपकिरी, तेलकट आणि निकोप निघते. ती ट्रकमध्ये चढते आणि कोणाच्या तरी नव्या बंगल्यात झोपाळ्याच्या कड्या अडकविण्यासाठी किंवा दिवाणखान्यातील टेबलासाठी जाते. वाळवीने खाल्लेला भाग मोजला तर तो साऱ्या लाकडाच्या मानाने थोडाच भरतो.